सार्जंट साळूबाईचा पाट

देवळाली, ता. १२ मार्च १९४६

ती. रंगूआत्यास,

साळूचा साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे, फक्त लष्करी टेलिफोन ऐकून ऐकून कान चपटे झालेत. लढाई संपली, पण घरी निघालेल्या पलटणींनी आमचे काम दुप्पट केले. आमच्या खाकी साडीला हसणाऱ्या गोऱ्या पोरी आता फोन अडला की मलाच हाका मारतात. गेल्या सोमवारी मला सार्जंट केले, म्हणजे आपल्याकडचा हवालदार समज.

एक मागणे आहे. चैत्राच्या जत्रेला मला रजा नाही. देवळापुढे आपले फौजी हुद्द्याप्रमाणे ओळीने पाटावर बसतात, त्यांना फेटे बांधतात, आणि जो लांब आहे त्याचा फेटा रिकाम्या पाटावर ठेवतात. तसा माझा पाट मांडतील का? चार वर्षे मीही घर सोडलेच आहे. ओळ लावणाऱ्या नानासोंना विचारशील?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी साळू

मेढा, ता. २० मार्च १९४६

चि. साळूस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. तू भरती झालीस तेव्हा गोऱ्यांची चाकरी म्हणून मी भांडले होते. ते भांडण राखून ठेवले आहे, तू आलीस की पुढे चालू. पण कष्ट तुझे आहेत, ते कुणाला गिळू देणार नाही.

चावडीवर गेले. नानासो म्हणाले, आवं मास्तरीणबाई, पोरीनं बंदूक कवा धरली? मी विचारले, तुमचा भाचा कृष्णात मिसर देशात पलटणीच्या रोट्या भाजत होता, त्यानं रोटी फेकून किती जर्मन पाडले? सगळी चावडी हसली. मग ते म्हणाले, बायकांत बसवून खणानारळानं ओटी भरू. मी म्हटले, ओटी लेकीची भरा, नोकरीचा फेटा वेगळा.

खरे दुखणे त्यांची बहीण अंबूबाई हिने पाणवठ्यावर सांगितले. नानासो मागच्या लढाईतले नाईक. वजीर मुलाणी हवालदार, त्याच्या खाली ते बिनतक्रार बसतात. पण तुझाही पाट त्यांच्या वरच लागणार. आता बोल.

लोभ आहे, राग तिकडे खर्च करते आहे.

रंगूआत्या

देवळाली, ता. २८ मार्च १९४६

ती. आत्यास,

नमस्कार. पत्र वाचून खोलीतल्या सगळ्या जणी हसल्या, मला मात्र त्या रात्री जेवण गेले नाही. नानासोंनीच मला लहानपणी सलाम ठोकायला शिकवला. त्यांना खाली बसवायचे नाही. माझा पाट सगळ्यांत शेवटी मांडा, कृष्णातच्याही खाली. पण मांडा. एवढेच सांग, भाषण करू नकोस.

आहे तसाच जीव लावत जा.

साळू

मेढा, ता. १८ एप्रिल १९४६

चि. साळूस,

अनेक आशीर्वाद. भाषण केले नाही, शपथ. तुझे पत्र तेवढे नानासोंच्या हातात दिले. त्यांनी दोनदा वाचले आणि लाल झाले. म्हणाले, हवालदार रोट्या भाजणाऱ्या लांगऱ्याच्या खाली? फौज हाय का बाजार? असलं आमच्या वळीत चालायचं न्हाई. आणि तरातरा निघून गेले. मला वाटले, गेले सगळे.

परवा जत्रा झाली. देवळाच्या दाराशी वजीरचा पाट, त्याला लागून तुझा रिकामा, वर केशरी फेटा, आणि त्याच्या खाली नानासो. बायका माना उंच करून बघत होत्या. दगडाबाईने तर पाटालाच कुंकू लावले. कृष्णात म्हणाला, मामा, पोरीच्या खाली बसलायसा. ते म्हणाले, गप रं, मी हवालदाराच्या खाली बसलोय.

एवढ्यात मामलेदारसाहेब आले. रिकामा पाट दिसला तसा फेटा बाजूला सारून बसू लागले. नानासो ताडकन उठून आडवे आले. म्हणाले, सायेब, ती जागा सार्जंट साळूबाईची हाय. तुमी माझ्या पाटावर बसा.

लोभ होताच, आता त्यात तोरा मिसळला आहे.

तुझी रंगूआत्या