दरीचा वाटा

३० नोव्हेंबर, शनिवार
आले एकदाची धाडला! बुलढाण्याहून जीपमध्ये पुढच्या सीटवर चौघं, चौथी मी. माझ्या मांडीवर कुशल आणि कुशलच्या मांडीवर तुपाचा डबा. आमच्या सहा वर्षांच्या चिरंजिवांना तुपाशिवाय घास उतरत नाही, म्हणून डबा थेट पुण्याहून आलाय. एका खड्ड्यात जीप अशी आपटली की माझ्या पुढच्या दाताचा टवकाच उडाला. नव्या शाळेत फुटक्या दाताने रुजू होणार, काय ऐट! दोन खोल्या, अंगणात कडुलिंब. घरमालकीण सोजराबाई शाळेतच स्वयंपाकाला आहेत. आल्या आल्या त्यांनी चहा दिला आणि माझी उलटतपासणी घेतली. नवरा परदेशात आणि बायको इथे, हे त्यांना काही पटलं नाही. मला आवडल्या.

५ डिसेंबर, गुरुवार
शाळा बरी आहे. मुलं चुणचुणीत, फळा खडबडीत. रविवारी शाळेतली सगळी मंडळी मुक्या दरीत रोडगे करायला जाणार आहेत. मुख्याध्यापक नारायणरावांनी मलाही त्यात ओढलं. सकाळभर दरीतून चालायचं, दुपारी तिथेच रांधायचं, उन्हं असताना परतायचं. मी एका पायावर तयार. गेल्या वर्षी कुशलच्या बाबांकडे ऑस्ट्रियाला गेलो तेव्हा अशाच एका घळीत दिवसभर हिंडलो होतो. तिथे कठडे, पाट्या, जागोजागी बाकं. कुशल दर वळणावर स्वतःचं नाव ओरडायचा आणि डोंगर ते परत द्यायचा. इथे कठडे नसतील, पण रोडगे असतील. मला चालेल.

८ डिसेंबर, रविवार
पायांचे तुकडे पडलेत, तरी लिहितेच. एकोणीस माणसं सकाळी सातला निघालो. दरीचं तोंड इतकं अरुंद की नारायणरावांना तिरकं होऊन पोट आत घ्यावं लागलं. सगळे हसले, तेही हसले. आत दोन्ही अंगांना काळा कातळ, खाली गोटे, मधेमधे गुडघाभर गार पाणी. पहिल्याच वळणावर कुशल ओरडला, "कुशऽल!" काही परत आलं नाही. तो पुन्हा ओरडला, तरी नाही. म्हणूनच ही मुकी, असं नारायणराव म्हणाले. विज्ञानाची बाई असून मला कारण सांगता येईना.

दुपारी मोकळ्या जागी गोवऱ्या पेटवल्या. सोजराबाईंनी कणकेचे गोळे मोजून निखाऱ्यांत पुरले, माणशी दोन आणि वर एक. वांग्याची भाजी, वरण, राख झटकलेले खरपूस रोडगे आणि आमचं तूप! मी दोन संपवले आणि तिसरा मागायला लाजले. शेवटचा रोडगा मात्र सोजराबाईंनी काढलाच नाही, उलट त्यावर राख ओढली. मी हात पुढे केला तर माझं मनगट घट्ट धरलं. "थो नका काढू म्याडम. थो दरीचा वाटा हाये."

मग सगळे भांडी घासायला पाण्यावर गेले. कुशलची 'अजून एक' म्हणून भुणभुण चालू होती. एवढं चांगलं अन्न राखेत सडायला टाकायचं माझ्या जिवावर आलं. रोडगा काढला, मोडला. अर्धा तूप लावून त्याला दिला. उरलेल्या अर्ध्याचे मी दोन घास घेतले, तोवर पावलं वाजली. उरलेला तुकडा चोरासारखा राखेत परत खुपसला. सगळ्यांत चविष्ट तोच होता, हे कबूल करायला हवं.

निघताना कुशल विसरलेली लाल कानटोपी आणायला वळणाआड पळाला. लगेच आला, टोपीशिवाय. सापडली नाही म्हणाला. इकडे सोजराबाई काडीने राख चाचपत होत्या; मी खुपसलेला तुकडाही त्यात नव्हता. त्यांनी एकेकाला विचारलं, "वाटा कोनं खाल्ला?" मलाही विचारलं. मी नवीन, सगळे बघताहेत, लाजेने जीव चाललेला. मी नाही म्हटलं.

९ डिसेंबर, सोमवार
कुशल जेवला नाही. दमला असेल. सोजराबाईंचा चहा आला नाही. शिक्षकांच्या खोलीत मी गेले की सगळे उठून वर्गांवर जातात. नारायणरावांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं, आणि या वेळी मला स्वतःचा राग आला.

१० डिसेंबर, मंगळवार
त्याने तूप ढकलून दिलं. कुशलने! वास येतो म्हणाला. संध्याकाळी सोजराबाईंच्या चुलीपाशी बसला होता. तोंड राखेने भरलेलं, शांतपणे चावत होता.

१२ डिसेंबर, गुरुवार
बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, पोराला काही झालेलं नाही. त्याचं अंग कातळासारखं गार आहे. माझ्याकडे टक लावून बघत बसतो, पापणी लवत नाही. मला त्याची भीती वाटते. माझ्या पोराची.

१३ डिसेंबर, शुक्रवार
सोजराबाईंना सांगून टाकलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, जो वाटा खातो त्याले दरी आपल्या घरचा मानते. ज्याने खाल्ला त्याने नवा रोडगा घेऊन जावं, तोंडाने कबूल करावं. सोडलं तर सोडते. मग विचारलं, किती जणांनी खाल्ला? मी एकटीने, मी म्हणाले. त्यांनी कुशलकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.
उद्या जाते. सगळा मीच खाल्ला असं सांगणार. न्यायचं तर मला ने. कुशल सुटला पाहिजे, बस.

१४ डिसेंबर, शनिवार
सकाळ. त्याला सोजराबाईंच्या मांडीवर ठेवून आले. रडला नाही. कुठे चाललीस, हेही विचारलं नाही.

दुपार. दरीत. वही आणलीय, लिहिलं की धीर येतो. चुलीची जागा सापडली. मोठ्याने सांगितलं, सगळा मी खाल्ला, त्याने नाही. आवाज परत आला नाही.

नवा रोडगा पुरायला राख उकरली. हात भाजला. सहा दिवसांची राख, आणि आत निखारे—

काहीतरी लागलं. माझाच तुकडा. दोन घास घेतलेला. फुटक्या दाताची खूण तशीच. निखाऱ्यांवर आणून ठेवलाय, राख झटकून. परत केलाय.
मला सोडलं. मला—

कुशलचा अर्धा नाही. सगळी राख पाहिली. नाही.

वळणापाशी लाल काहीतरी. टोपी. ओली नाही. आतून ऊबदार. आत्ता डोक्यावरून काढल्यासारखी—

कोणीतरी ओरडलं. "कुशऽल!" त्याचाच आवाज. रविवारची हाक. आज परत आली.

पुन्हा. पण हे तो रविवारी म्हणाला नव्हता. "आई, तूप."

मग घरी मांडीवर ठेवून आले तो—

सोजराबाईंना कसं कळवू, इथे फोन—

"आई, तूप दे ना."

येते रे. डबा घरी राहिला, राजा. रागावू नकोस. येते, वळणापर्यंत दहाच पाव—