नऊ सशांच्या पानाबद्दल

तीर्थरूप दाजी यांना,

नमस्कार (पूर्ण वाकून केलेला, टेबलाखाली कागदाचे गठ्ठे आहेत म्हणून बघणाऱ्याला अर्धाच दिसतो). तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा राग कसा आहे? दोन्ही थंडीत वाढतात म्हणून एकदमच विचारून घेतो.

मी मजेत आहे. तुमच्या शब्दावर मिळालेली ही नोकरी चार महिने टिकली आहे. आधीची रोपवाटिका सतरा दिवस, त्याआधीची होडी (होडी धरू नका, ती पहिल्याच दिवशी मला न घेता सुटली). ‘मुलगा मन लावून काम करील’ असं तुम्ही मालकीणबाईंना लिहिलं होतंत, ते पत्र त्यांनी खणात जपून ठेवलंय. अधूनमधून काढतात, वाचतात, माझ्याकडे बघतात आणि परत ठेवतात.

काम काय ते मी अजून कळवलंच नाही. या छापखान्यात लहान मुलांना मोजायला शिकवणारी पुस्तकं निघतात. एक हत्ती, दोन उंट, असं दहापर्यंत, आणि प्रत्येक पानावर यमक जुळवलेल्या दोन ओळी. ओळी मालकीणबाई करतात. त्यातला काना इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नाही. चित्रं शेपूटकाका काढतात. (त्यांचं खरं नाव कोणी घेत नाही. कुठलाही प्राणी ते शेपटीपासून सुरू करतात. शेपूट जमली की उरलेलं जनावर आपसूक मागून येतं, असं त्यांचं म्हणणं. मी हत्ती करून बघितला. शेपूट झकास झाली, हत्तीला कागद पुरला नाही.) आणि छपाईआधी प्रत्येक पानावरचे प्राणी मोजून खाली सही करायची, हे माझं काम. हसू नका. गणिताचे मास्तर म्हणून तुम्हीच मला सातवीत घरी पाढे शिकायला बसवलं होतंत. खिडकी उघडी होती हा माझा दोष नव्हे.

तर सशांचं पान. ओळी अशा:

नऊ ससे, अंग मऊ,
म्हणती गाजर वाटून खाऊ.

मोजायला घेतले, तर एकाचे कान दुसऱ्याच्या पोटावर, तिसऱ्याचं पोट चौथ्याच्या पाठीशी. बाहेर कोणीतरी सायकलची घंटा दुरुस्त करत होतं, तीही वाजून वाजून आकडा चुकवत होती (शेवटी मीच जाऊन तिचा स्क्रू आवळून आलो). मग शेपूटकाकांचीच रीत धरली आणि शेपट्या मोजल्या. बरोब्बर नऊ. सही ठोकली. दोन हजार कागद छापून झाले.

परवा मालकीणबाईंची चार वर्षांची नात आली. पान पुढ्यात ओढलं, एकेका सशावर बोट टेकवत गेली आणि म्हणाली, दहा. पुन्हा मोजले. दहा. छपाईयंत्र थांबलं. कोबीच्या पानाआड एक ससा शेपूट अंगाखाली घेऊन झोपलेला. शेपूटकाका म्हणाले, “शेपूट आहे हो. आधी तीच काढली, मग ससा तिच्यावर येऊन निजला.”

मालकीणबाईंनी मला विचारलं, “तू काय मोजलंस?”

“शेपट्या.”

“का रे, डोकी काय वाईट होती?”

“डोक्यांचा मेळ लागत नव्हता.”

“कसा लागेल? एक इथंच कमी पडतंय,” असं म्हणून त्या माझ्या टाळूकडे बघत राहिल्या.

नातीला आमची काळजी नव्हती. “हा नाही धरायचा, हा झोपलाय,” असं सांगून तिनं नऊ जाहीर केले आणि पान उलटायला गेली. तेवढ्यात मला सुचलं. रद्दीच्या तुकड्यावर लिहिलं:

दहावा निजला, हाक नका देऊ,
त्याचं गाजर झाकून ठेवू.

एवढी पट्टी छापून पानाखाली चिकटवली की झालं. मालकीणबाईंनी तीनदा वाचलं आणि म्हणाल्या, “जमलंय.” हा शब्द त्यांनी शेपूटकाकांनाही कधी दिलेला नाही, काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा सगळं ठीक आहे, काळजी नसावी.

तुमचा (चार महिने एका जागी बसलेला)
मेहुणा

ता. क. ‘जमलंय’नंतर त्या ‘पण’ म्हणाल्या, ते वर राहून गेलं. आकड्यांत ही लबाडी आहे, म्हणाल्या. ज्यांच्या शब्दावर तुला ठेवला त्या मास्तरांनी लिहून दिलं, की निजलेला ससा न मोजलेला चालतो, तरच पट्टी लावू. सोमवारी बांधणी सुरू होते. शनिवारपर्यंत पत्र आलं नाही तर दोन हजार कागद रद्दीत जातील आणि त्यांच्यामागून मी. एक पायरी गाळली म्हणून बरोबर उत्तराचेही गुण कापणारे तुम्ही, मला ठाऊक आहे. पण दाजी, मला इथून जायचं नाहीये. असं पहिल्यांदाच होतंय, त्यामुळे ते कसं लिहितात हे माहीत नाही.

ता. क. दुसरा. ताई, पाकीट तूच आधी फोडणार. दाजींच्या हातात चहा आधी दे, पत्र मग.

ता. क. तिसरा. या खेपेला अख्खं पुस्तक डोकी धरून मोजलं. बाकी सगळं बरोबर आहे. शेवटच्या पानावरच्या मुंग्याही दहाच. हात बसला होता म्हणून त्यांचे पायसुद्धा मोजले. एकोणसाठ भरले. मालकीणबाईंना अजून बोललो नाही. म्हणून दाजी, पत्रात ‘पुस्तक निर्दोष आहे’ वगैरे घालू नका. सशापुरतंच लिहा.