पुरात धरलेला हात

महेंद्र,

मांजर्लीत हल्ली प्रत्येक हळदीला तुझंच गाणं वाजतं. मुलाखतीत त्याचा अर्थही सांगितलास: पुरात बायकोचा हात धरला आणि हरवलेलं प्रेम पुन्हा सापडलं. काय फेकतोस रे! घरात पाणी शिरलं तेव्हा तुझ्या हातात कीबोर्ड होता आणि माझ्या पाठीवर तुझी आई. धरायला हात मोकळा होता कुणाचा? महिन्याभरात तोच कीबोर्ड घेऊन घर सोडलंस.

हे पत्र पाठवत नाही. याचंही गाणं करशील.

आईंना मात्र ते गाणं खरं वाटतं. "आता येईल तो," म्हणत रोज तुझ्यासाठी दोन भाकऱ्या जास्त करायला लावतात. मी करते. गल्लीतला कुत्रा वेळेवर येतो.

फक्त आईंची सून,
स्वप्नाली