घरजावयाचं झाड

३ मार्च
प्लॉट घेतला! ब्राझीलमध्ये, तेही कुरितिबासारख्या शहरात, इतक्या स्वस्तात कोण देतं? विकणारा हसत का होता, ते विचारायचं राहिलं. मधोमध अराउकारियाचं झाड आहे. प्रचंड, संरक्षित. तोडायचं नाही, मुळांनाही धक्का नको. हरकत नाही, आपण निसर्गप्रेमी. बायकोला, रोझिल्डाला शब्द दिलाय: सां ज्वांव सणाचा जाळ, २४ जून, आपल्याच अंगणात. लग्नाला सहा वर्षं झाली, राहतो तिच्या आईकडे. घरजावई असण्याबद्दल तक्रार नाही. पण सासूबाई, दोना जेनोवेवा, ते पाहुण्यांसमोर म्हणतात.

१९ मार्च
नगरपालिकेच्या तपासनीस बाईंनी झाडापासून अंतर सोडायला सांगितलं. मोजलं. बेडरूम शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाते. नकाशा बदलला. लहान घर थंडीत ऊबदार असतं.

२ एप्रिल
कोपऱ्यात पायाचा चर खणला. मूळ लागलं. तूर्त थांबलोय. हा डावपेच आहे.

२० एप्रिल
झाडाखाली पिन्यांवचा, म्हणजे त्याच्या बियांचा सडा. सासूबाईंनी गोणीभर बिया वेचून नेल्या, उकडून मलाच वाढल्या. वर म्हणतात, घ्या जावईबापू, तुमच्या बंगल्याचं उत्पन्न! झाड माझं, टोमणा त्यांचा. उरलेली गोणी गुपचूप उचलली, चरात ओल्या वाळूखाली पुरली. ताजी राहील. गृहप्रवेशाला काढू.

२१ एप्रिल
घरात गोणीचा शोध. चोराला सगळ्यात मोठ्यानं शिव्या मी दिल्या.

१८ मे
नकाशा चौथा. आता एकच खोली. जेवण, झोप, सगळं तिथेच. आधुनिक पद्धत. रोझिल्डा विचारते, संडास कुठंय? हिचं नेहमी खुसपट.

१५ जून
तपासनीस बाई पाहणीला आल्या. सासूबाईही आल्या, हौसेनं. चरात हिरवेगार कोंब, दाटीवाटीनं. बाई म्हणाल्या, हीपण अराउकारियाच, उपटायची नाहीत. मी म्हणालो, निळ्या ग्राल्याचं काम, तो पक्षी बिया पुरतो, शाळेत शिकवतात. बाईंनी वाळू उकरली. मग शांतपणे विचारलं, तुमच्याकडचे पक्षी गोणीसकट पुरतात का? गोणीवर लाल दोऱ्यानं भरलेलं नाव: जेनोवेवा.
सासूबाईंनी नावावरची वाळू बोटानं पुसली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

२४ जून
जाळ पेटला. सासूबाईंच्या अंगणात. रोझिल्डानं वचनाचा विषयच काढला नाही, शेजारी बसून पिन्यांव सोलून माझ्या ताटात टाकत राहिली. फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, धूर होता.
मग सासूबाईंनी मागच्या खोलीत नेलं. तिथे पलंग मांडलेला, त्यांच्या आजोबांचा, अराउकारियाच्या लाकडाचा. म्हणाल्या, एकदा आला की जन्मभर जागचा हलत नाही.
पलंगाबद्दलच म्हणत असाव्यात.