भिंगरीची उजवी बाजू

२८ एप्रिल

चि. ताईस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

पत्रास कारण तुझी धाकटी बहीण. भिंगरीला सुट्टीत तुझ्याकडे पाठवतेय. मंगळवारी सकाळच्या गाडीत बसेल, संध्याकाळी उतरेल. हे फोनवर सांगितलं असतं, पण तिकडे तुझ्या घरमालकीणबाई फोनला चिकटून बसलेल्या आणि इकडे ही दाराआड. मनातलं लिहूनच बरं.

पोरगी बदललीय गं. गालफुगीच्या त्या मोठ्या तापातून उठली तेव्हा मी म्हटलं, सुटले. पण तेव्हापासून ताडमाड वाढली आणि तेवढीच शिष्ट झाली. मागून हाक मारावी तर बाईसाहेब ढिम्म. आणि एखादी गोष्ट सांगावी तर "काय?" म्हणून पुन्हा वदवून घेणार. वर्गशिक्षिका म्हणाल्या, तास चालू असताना सारखी शेजारणीशी कुजबुजते, म्हणून मागच्या बाकावर एकटी बसवलीय. गुणांचं विचारू नकोस. मैत्रिणीही फिरकेनाशा झाल्यात. तुझे बाबा रोज कानात बोळे घातलेत का म्हणून विचारतात, आणि नंतर मला म्हणतात की पंधरावं वर्षच असलं, जाईल निघून.

तुझ्याशी तिचं जमतं. तिला जरा हिंडव, हसव. तू त्या शहरात तीन महिन्यांची पाहुणी, तुलाच किती रस्ते माहीत आहेत देव जाणे! दोघी हरवू नका म्हणजे झालं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती पत्रात लिहावी लागत नाही.

तुझी,
आई

७ मे

ती. आईस,
ताईचा साष्टांग नमस्कार.

पाहुणी सुखरूप आहे. मी मात्र पार दमलेय.

रस्त्यांवरून तू मला चिडवलंस, म्हणून मी जय्यत तयारी केली होती. संग्रहालय, जुना मनोरा, तळ्यातली नौका, असा बेतच आखला. पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत तिला बसमध्ये बसवलं. बस उलट्या दिशेची निघाली. आम्ही भाजीच्या गोदामांपाशी उतरलो तेव्हा मी तिला म्हटलं की शहराची ही बाजूही बघायला हवीच. तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी पुढचा रस्ता निमूट विचारून घेतला. संग्रहालयात माहिती सांगणारे गृहस्थ बोलत होते, तर ही भलत्याच दालनात. मनोऱ्याचा जिना दुरुस्तीसाठी बंद. एकूण माझी पत धुळीला मिळाली.

पण त्याचं मला काही नाही. वाईट वाटलं ते काल. नौकेत आम्ही दोघीच एका बाकावर होतो. तळं शांत, ऊन कोवळं. मला वाटलं, आता ही मोठी झालीय, हिला मनातलं सांगावं. काय ते तुला आत्ता सांगत नाही. पण आई, जे मी कुणाजवळ बोलले नाही ते सगळं बोलले. तेही मागच्या नावाड्याला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू. ती पाण्याकडे बघत होती. माझं बोलून संपलं, तशी वळली आणि म्हणाली, ताई, ते बदक बघ, एका पायावर उभंय.

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. तिला त्याचंही काही वाटलं नाही.

माझी रजा आज संपते. तिला सोबत कामावर नेणार आहे. कवळ्या करण्याच्या आमच्या खोलीत काय रमणार ती, पण घरमालकीणबाईंच्या ताब्यात तरी कशी देऊ?

रागावलेय, पण काळजी करू नकोस. मार्ग काढीन. नेहमीसारखीच पाठीशी राहा.

तुझी,
ताई

१० मे

ती. बाबांस,
भिंगरीचा वाकून नमस्कार.

ताईनं माझी तक्रार केली असणारच. म्हणून मीही लिहितेय.

बाबा, मला दात करायचेत! म्हणजे ताईसारखे, दुसऱ्यांचे. सकाळी दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे येतात. ताई त्यावर गुलाबी मेण चढवते आणि त्यात एकेक दात बसवते. दात काय नुसते पांढरे नसतात. पिवळट, राखाडी, किती छटा! एका आजोबांनी आपले पुढचे दोन दात पूर्वीसारखेच तिरके हवेत म्हणून निरोप पाठवला होता. ताई त्या दोन दातांवर अर्धी सकाळ बसली. एरवी घरात दात-ओठ खाणारी आपली ताई, इथं काय शांत असते! मला तिनं टाकाऊ मेणावर एक दाढ कोरायला दिली. ती बटाट्यासारखी झाली.

इथं मला फार आवडतं. घासायची यंत्रं इतकी घरघरतात की कुणाला कुणाचं ऐकू जात नाही. म्हणून काही सांगायचं असलं की सगळे आधी खांद्यावर हात ठेवतात, तोंडावरचं फडकं खाली ओढतात आणि समोर उभं राहून बोलतात. हातवारेही खूप करतात. कुणी कुणावर चिडत नाही. चकाकी देणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांना मी पॉलिशमावशी म्हणते. त्यांनी मला त्यांच्या बाजूचं स्टूल दिलंय.

ताई माझ्यावर रुसलीय. का ते कळत नाही. विचारलं तर म्हणाली, बदकाला विचार.

आईला सांगा, मी खूप खाते. तुमचीही आठवण येते, पण फार नाही.

तुमची,
भिंगरी

१५ मे

ती. आई आणि बाबांस,
ताईचा नमस्कार.

हे पत्र दोघांनी शेजारी बसून वाचा. आधी सांगते, भिंगरी ठीक आहे. आत्ता माझ्यासमोर पाय पसरून आंबट तोंड करून बसलीय, कारण मी लिहितेय ते तिला पटलेलं नाही. पण लिही म्हणाली.

परवा सकाळी मी आंघोळ करून आले तर गजर तिच्या उशाशी कोकलत होता. घरमालकीणबाई खालून छडी ठोकत होत्या. ही डाव्या कुशीवर गाढ. मी गजर बंद करायला वाकले तेवढ्यात तिनं कूस बदलली आणि एकदम दचकून उठून बसली, जणू गजर त्याच क्षणी सुरू झाला होता. मी तिथंच थबकले.

मग ती केस विंचरत असताना मी मागे जाऊन उजव्या बाजूनं हळूच म्हटलं की आज आइस्क्रीम खाऊ. काही नाही. डाव्या बाजूला जाऊन तेच म्हटलं. गर्रकन वळली आणि कुठलं म्हणाली. माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं, आणि ती रडायला लागली.

गालफुगीच्या तापात गेला, आई. उजवा कान. तिला तेव्हाच समजलं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, आई किती रात्री जागली होती, आणि येईल त्याला पोरगी ठणठणीत बरी झाली म्हणून सांगत होती. तिला कसं सांगू की पूर्ण बरी नाही झाले? नंतर सायकल मिळाली, ती काढून घ्याल याची भीती. आणि नंतर नंतर सांगायला फारच उशीर झाला असं वाटत गेलं. वर्गात ती शेजारणीशी कुजबुजत नव्हती. बाई काय म्हणाल्या ते विचारत होती.

काल कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानात बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की हात वर करायचा. मी बाहेरून बघत होते. डाव्या कानाच्या वेळी हात भराभर वर जात होता. मग डॉक्टरांनी बाजू बदलली. भिंगरी डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून नुसती बसून राहिली. हात मांडीवरच. मला काच फोडून आत जावंसं वाटलं.

तो कान परत यायचा नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या. त्या वेळी कळलं असतं तरी फार काही करता आलं नसतं, हेही मी मुद्दाम विचारून घेतलं, तेव्हा आई, तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. डावा कान उत्तम आहे. तो जपायचा. कामाच्या खोलीत आता ती कानावर जाड टोप्या लावून बसते.

राहिलं ते बदक. नौकेत मी तिच्या उजव्या बाजूला बसले होते! म्हणजे जन्मात पहिल्यांदा मन मोकळं केलं ते नेमकं बंद कानापाशी. काल रात्रीच्या जेवणानंतर डाव्या बाजूला बसून पुन्हा सांगितलं. तुम्हालाही आता सांगते. इथं आल्यापासून मला कुणी मैत्रीण नाही, दुपारचा डबा मी जिन्यावर एकटीच खाते, आणि नोकरी सोडून परत यायचं जवळजवळ ठरवलं होतं. भिंगरीनं सगळं ऐकलं आणि मला वेड्यात काढलं. म्हणाली, पॉलिशमावशी रोज जेवायला बसताना शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून खाली ठेवतात आणि दाराकडे बघतात. तू तोवर जिन्यावर गेलेली असतेस. तुला दिसत कसं नाही?

आज मी त्या खुर्चीवर बसले, आई. मावशी म्हणाल्या, आलीस एकदाची.

मी इथंच राहणार आहे. तुम्ही दोघं मात्र लगेच उत्तर पाठवा. ती रोज टपाल बघते.

तुमची,
ताई

१९ मे

चि. भिंगरीस,
बाबांचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझी आई लिहिणार होती, पण दोन ओळींवर कागद भिजतो. दोन दिवस दूध उतू जातंय.

मी तुला रोज जे विचारत होतो, ते आठवून मान खाली जाते. तुझी आई म्हणते, आपल्याला माहीत नव्हतं. ते खरं आहे. पण मी विचारत होतो ते उत्तरासाठी नव्हतं, हेही खरं आहे.

आता मी पुढीलप्रमाणे व्यवस्था केली आहे. शाळेला सुट्टी, म्हणून बाईंना घरी जाऊन भेटलो. शाळा उघडली की तुला पुढचं बाक देते म्हणाल्या. जेवणाच्या टेबलावर तू खिडकीशी बसतेस तेव्हा मी तुझ्या उजव्या हाताला येतो. म्हणून तुझी खुर्ची खिडकीपासून हलवून समोर ठेवली आहे. सायकल तूर्त माळ्यावर चढवली आहे. शेजारीपाजारी आणि काकांना कळवावं म्हणतो, म्हणजे सगळे सांभाळून वागतील.

काही राहिलं असेल तर सांग. लवकर ये. घर फार शांत आहे.

तुझे,
बाबा

२३ मे

ती. आई आणि बाबांस,
भिंगरीचा दोघांना एकेक नमस्कार, आणि बाबांना एक जास्तीचा.

बाबा, तुमचं पत्र मी चारदा वाचलं. आता मी सांगते ते ऐका.

सायकल माळ्यावरून काढा. दोन वर्षं मी याच कानानं चालवतेय आणि एकदाही पडले नाही. गाडी मागून येते ते कळावं म्हणून पॉलिशमावशींनी मला आरसा दिलाय, दातांचा नव्हे, सायकलचा. तो मी स्वतः बसवणार. चाकात हवा भरून ठेवा.

काकांना काही कळवू नका. कुणाला सांगायचं ते मी सांगेन. एका मैत्रिणीला इथूनच पत्र टाकलंय. ती मला शिष्ट समजून बोलेनाशी झाली होती, तिला आधी.

पुढचं बाक चालेल, पण उजव्या भिंतीकडचं हवं, म्हणजे सगळा वर्ग माझ्या चांगल्या बाजूला येतो.

आणि माझी खुर्ची जिथं होती तिथं परत ठेवा. खिडकी माझी आहे. तुम्ही आणि आईनं जागा बदला. आई माझ्या उजवीकडे आली तरी काही बिघडत नाही, तिचं बोलणं बंद कानालाही ऐकू येतं. आई, रडू नकोस, हा विनोद होता. ताई हसली.

ताई मला काल पुन्हा नौकेत घेऊन गेली. मी तिला नीट माझ्या डाव्या बाजूला बसवलं. मग किती बोलली, बाप रे! कधीकधी उजवी बाजू बरी पडते.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघतेय, संध्याकाळी पोचेन. एकटीच. ताई सोबत येते म्हणत होती, पण तिच्याकडे त्या तिरक्या दातांच्या आजोबांची खालची कवळी आलीय, आणि मी नको म्हटलं. स्टेशनवर दोघंही या. गर्दीत हाका मारत बसू नका, हाक कुठून येते ते मला समजत नाही. खांबाशी उभं राहून हात हलवा.

तुम्हाला मीच आधी शोधून काढीन.

तुमची,
भिंगरी