फळ पाहिलेलं नाही

१२ भाद्र, लेलेप
सापडला! ओढ्यावरच्या कपारीत. पिवळा तेरडा, फुलाला मागची शेपटीच नाही. असा आमच्या काठमांडूच्या वनस्पती-संग्रहात नाही, कुणाच्याच नाही. आयुष्यभर झाडं गोळा केली मी, त्यांना नावं दिली दुसऱ्यांनी. हा मात्र माझा.
फळ एकही धरलेलं नाही — इथेच घोडं अडलं.
नुर्बू पायावरच्या जळवा काढत म्हणाला, "दिदी, फूल मिळालं ना? मग तोंड का असं?" इतकी वर्षं डोंगर दाखवतोय, अजून कळत नाही त्याला. नव्या झाडाचं वर्णन फळाशिवाय मी छापत नाही. पुढच्या वर्षी उशिरा येऊ.

१३ भाद्र
पाऊस. दिवसभर झाडं दाबायचे ओले कागद चुलीवर शेकत बसले. तेरड्याचं फूल दाबलं की लगदा होतो, म्हणून थोडी फुलं नुर्बूच्या आईच्या रक्सीत, घरच्या दारूत, बुडवली. म्हातारी म्हणते, "फुलांना पाजतेस आणि स्वतः कोरडी बसतेस होय?"
मग नाही बसले कोरडी.

५ मंसिर, काठमांडू
शाक्य साहेब — वयाने लहान, हुद्द्याने मोठे. "दिदी, छापून टाका हो. पुढच्या वर्षी पुसात निवृत्ती तुमची. फळाचं मागाहून बघू."
नाही म्हटलं. अर्धवट झाड मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही.

७ जेठ
गेलं. डोंगरापलीकडच्या, सिक्कीमच्या मंडळींनी छापलं. तोच तेरडा, चित्रासकट. आधी छापेल त्याचंच नाव राहतं, त्यात दाद ना फिर्याद. वर्णनाच्या शेवटी त्यांनी बिनदिक्कत लिहिलंय — 'फळ पाहिलेलं नाही.'
त्यांचा राग नाही आला. माझा आला. जेवले नाही.

८ जेठ
साहेबांनी नुसता चहा पाठवला. तो शब्दांपेक्षा जास्त लागला.

२० असोज, लेलेप
तरी आलेच. नुर्बू म्हणाला, "नाव तर त्यांनी ठेवलं. आता कशाला ही तंगडतोड?"
"त्यांचं अर्धं राहिलंय, ते पुरं करायला." बोलले खरी, पण जोर नव्हता त्यात.
कपारीत फुलं संपलीत. बोंडं धरलीत, अजून हिरवी. नुर्बू म्हणतो, थांबू.

२९ असोज
पिकलं. तेरड्याचं बोंड नुसतं बोट लागलं तरी फुटतं, बिया उडतात. हे चिमटीत दाबलं. फुटेना. नुर्बूने दाबलं — नाही. सुरीने कापलं. आत गर, मध्ये बोरासारखी एकच टणक आठळी.
हा तेरडा नव्हेच. त्यांनी नाव दिलं ते तेरडा समजून; झाडांचं वेगळंच घराणं आहे हे, आणि त्या घराण्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही.