सासूबाईंनी नेलेली डबी
घाटकोपर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

दवाखान्यात महिनाभर मी तक्ता लावून आतड्याच्या कॅन्सरची माहिती देतेय. शौचातून रक्त, म्हटलं की बायका पदराआड हसतात. आज नवी नर्स फिलोमिना नुसती त्यांच्या बाकावर बसली. त्यांना म्हणाली, "माझ्या बाबांनी मूळव्याध समजून रक्त लपवलं हो. गेले." शौचाचा नमुना आणायला द्यायच्या सगळ्या डब्या संपल्या! पंधरा वर्षं नर्स मी, आणि ही कालची पोरगी...

शेवटची डबी माझ्या सासूबाईंनी नेली. तिच्याकडून.

घरी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू बायकांना सांगतेस. मला कधी विचारलंस?"

चार महिने रक्त जातंय त्यांना. फिलोमिनाला ठाऊक, मला नाही. आधी भीती वाटायला हवी होती ना? आधी मत्सरच वाटला.